काळा मणी



दशलक्षण पर्वात एके दिवशी पूजा आटोपून आम्ही सगळ्या इथल्या मंदिराच्या स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. शेजारी उभ्या असलेल्या एक नवीन वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही काचेचे मणी करता म्हणे. कितीला देता? नणंदेच्या डोहाळजेवणाला काहीतरी वेगळं द्यायचंय मला."

मी म्हटलं, "विकत नाही हो मी. आजारी मुलांसाठी करते."

"म्हणजे औषधी असतात का ते?"

"नाही. साधी काच."

"मग त्याचा उपयोग काय?"

त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं होतं. तरी मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी हसून पातेलं पुसत राहिले. आज हे लिहायला बसले आहे ते त्या उत्तरासाठीच.

आधी मणी कसा होतो ते सांगते. कारण त्याच वहिनींना वाटत होतं की मी तयार मणी आणून ओवते.

आमच्या गॅरेजमध्ये एका कोपऱ्यात पत्रा ठोकलेलं टेबल आहे. त्यावर एक छोटा बर्नर आहे. त्याला एका बाजूने प्रोपेन गॅस येतो आणि दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन. ऑक्सिजनसाठी मी जे यंत्र वापरते ते दमेकऱ्यांच्या घरी असतं ना, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने देणारं, तेच. मी जुनं घेतलं. अनेक मणीवाले असंच करतात. ते घुरघुरायला लागलं की मला दर वेळी वाटतं, हे आधी कुणाच्या उशाशी होतं कोण जाणे.

पोलादाच्या बारीक सळईला मातीसारखा लेप लावून वाळवायचा. काचेची कांडी ज्योतीत धरली की टोक लालबुंद होतं आणि ओघळू लागतं. बाकीच्या बायका मधासारखं म्हणतात, मी काकवीसारखं म्हणते. ती काच सळईवर गुंडाळायची आणि सळई सतत फिरवत राहायची. हात थांबला की मणी एका बाजूला लोंबतो. पुरणपोळी लाटताना जसं पोळी फिरवत राहावी लागते तसंच. डोळ्यांवर खास चष्मा लावावा लागतो, कारण तापलेल्या काचेतून पिवळा झगझगीत उजेड निघतो आणि त्यात मणी दिसतच नाही. चष्म्याने तो उजेड गाळला जातो.

तापलेली काच रंगही लपवते. मणी निवेपर्यंत खरा रंग कळत नाही. गुलाबी काच महाग असते, कारण त्या रंगासाठी तिच्यात सोन्याचा अंश घालतात. हस्तिदंती आणि पिरोजी काच एकमेकींना टेकवली की मध्ये आपोआप तपकिरी रेघ उमटते. हे सगळं मी चुकत चुकत शिकले.

मणी झाला की तो लगेच विजेच्या छोट्या भट्टीत ठेवायचा, साधारण ५१० अंश सेल्सियसला, आणि मग रात्रभर हळूहळू निवू द्यायचा. हे केलं नाही तर वरची काच आधी गार होते, आतली मागे राहते आणि दोघींमधला ताण मण्यात तसाच अडकतो. मणी दिसायला सुंदर असतो. आठ दिवसांनी, कधी महिन्यांनी, कुणी हातही न लावता तो तडकतो.

दुसऱ्या दिवशी पाण्यात धरून भोकातला लेप घासून काढायचा. त्याची पूड नाकात जाता कामा नये, म्हणून पाण्यातच. कडा बोटाने तपासायच्या. ज्या मुलांसाठी हे मणी जातात त्यांची प्रतिकारशक्ती उपचारांनी खालावलेली असते. साधं ओरखडणंसुद्धा परवडत नाही. त्यामुळे नक्षी कमी असली तर चालते, पण स्वच्छता आणि गुळगुळीत कडा यांत सूट नाही.

आता हे जातात कुठे? आम्ही फिनिक्सजवळ राहतो. इथे ॲरिझोनामध्येच २००४ साली कर्करोगाच्या मुलांची शुश्रूषा करणाऱ्या एका परिचारिकेने 'बीड्स ऑफ करेज' नावाचा उपक्रम सुरू केला. आता तो अनेक रुग्णालयांत चालतो. मुलाला आधी एक दोरा आणि त्याच्या नावाच्या अक्षरांचे मणी मिळतात. मग जे जे सोसलं त्याचा एकेक मणी. सुई टोचली की काळा. केमोथेरपी झाली की पांढरा. रात्र रुग्णालयात काढली की पिवळा. रक्त चढवलं की लाल. किरणोपचार झाले की अंधारात चमकणारा. आजार लांबला तर माळ शेकडो मण्यांची होते. फार अवघड प्रसंग आला की मुलाला हाताने बनवलेला एक मोठा मणी मिळतो. ते मोठे मणी आमच्यासारखे लोक करून देतात. मासा, कासव, ट्रक, फुलं, काहीही. कधी कधी एखादं मूल चित्र काढून देतं आणि तसाच मणी हवा म्हणतं. त्या चित्रावर नाव नसतं. वय असतं आणि नर्सने लिहिलेली एखादी ओळ.

मी हे काम शिकले ते छंद म्हणून. मुलगी कॉलेजला गेली, घर रिकामं झालं. आमच्या वर्गाच्या बाईंनी टेबलाच्या टोकाला एक बरणी ठेवली होती. म्हणाल्या, दहा मणी केलेत तर त्यातला एक चांगला मणी मुलांसाठी हिच्यात टाका. मी सुरुवातीला दहातला एक टाकत असे. हळूहळू दहाच्या दहा टाकू लागले.

पण मैत्रिणींनो, तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल तो माझ्याही मनात होता. अग्नी पेटवायचा म्हणजे अग्निकायिक जीवांची हिंसा आली. स्वयंपाकाचं ठीक आहे, ती गृहस्थाची आरंभी हिंसा, संसारात टळत नाही. पण हौसेसाठी आग पेटवायची? दानासाठी असली तरी? काही वर्षांपूर्वी भारतात गेले तेव्हा कुंभोजच्या बाहुबलीला दर्शनाला गेलो होतो. तिथे एका माताजींना मी हे विचारलं. मला वाटलं होतं त्या हो म्हणतील किंवा नको म्हणतील. त्यांनी उलट मलाच विचारलं, "रात्री करतेस का?"

मी म्हटलं, "हो. उन्हाळ्यात दिवसा गॅरेजमध्ये बसवत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश असतं."

"ज्योतीवर पाखरं येतात?"

मी गप्प बसले. येत होती. धूर कोंडू नये म्हणून दार उघडं ठेवावं लागतं आणि पावसाळ्यात तर टेबलावर सकाळी पंख सापडायचे. मी ते फडक्याने पुसून टाकत असे.

माताजी म्हणाल्या, "दान द्यायला निघालीस ना? मग वाटेत कुणाला तुडवत जाऊ नकोस. बाकी तुझं तू बघ."

तेव्हापासून सूर्यास्तानंतर बर्नर बंद. उन्हाळ्यात सूर्य उगवला की तासभर बसते, मग गॅरेज तापतं. आणि चातुर्मासात तर काम पूर्ण बंद. ॲरिझोनातही पावसाळा असतो बरं का, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. वाळवंटात एक सर आली की एका रात्रीत कुठून कुठून किडे निघतात. इथल्या लोकांना वाटतं मी या दिवसांत सुट्टीवर असते. मी म्हणते, हो, सुट्टीच.

आता जरा मागे जाते.

आम्ही जैन कासार. जयसिंगपूरला माझ्या आजोबांचं बांगड्यांचं दुकान होतं. लहानपणी माझ्या पायाखाली नेहमी काच असायची आणि डोक्यात नेहमी एक नियम. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही. बांगडी वाढली म्हणायचं. गिऱ्हाइकाच्या हातात चढवताना टचकन तुटली तरी आजोबा शांतपणे म्हणायचे, "वाढली वाटतं, दुसरी भरतो." आमच्या घरात फुटलेल्याला फुटलं म्हणायची पद्धतच नव्हती.

१९८४ साली माझ्या धाकट्या भावाला ताप येऊ लागला. तो ८ वर्षांचा, मी १२ वर्षांची. आधी मिरजेला दाखवलं, मग मुंबईला नेलं. आजाराचं नाव घरात कुणी उच्चारलं नाही. मोठी माणसं 'त्याचं ते' म्हणायची. त्याला रक्ताचा कर्करोग होता हे मला तो गेल्यानंतर वर्षभराने शाळेतल्या मैत्रिणीकडून कळलं. तिच्या घरी ते माहीत होतं.

त्याला मात्र तो रोज सांगितलं जायचं की तू बरा होशील. आईने सांगितलं, मावशीने सांगितलं, भेटायला आलेल्या प्रत्येकाने सांगितलं. मीही सांगितलं. तो ऐकून घ्यायचा.

त्याच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. इंजेक्शनची बाटली रिकामी झाली की तिचं रबरी बूच तो नर्सकडून मागून घ्यायचा आणि त्या डब्यात टाकायचा. आम्हाला वाटायचं खेळायला. तेव्हा मुलं अशा बुचांची चाकं करून गाड्या बनवायची. पण त्याने गाडी कधी बनवली नाही. तो फक्त मोजायचा. घरी आला की डबा माझ्या कानाशी वाजवायचा आणि आकडा सांगायचा. "आज चौपन्न." "आज एकोणसाठ." मी म्हणायचे, "बरं." मला त्यात काही कळत नव्हतं.

शेवटचा आकडा जो मला त्याने सांगितला तो एकसष्ट.

तो गेल्यावर घरी पाहुणे येणार होते. मला खोली झाडायला सांगितलं होतं. मी झाडली. कोपऱ्यात डबा होता. बुचं मी केरात टाकली आणि डबा धुऊन दुकानात दिला. त्यात पुढे कितीतरी वर्षं आकडे आणि टाचण्या असायच्या. मी बारा वर्षांची होते, हे मला समजतं. पण इथे वर्गात त्या बाईंनी पहिल्यांदा मुलांच्या माळांविषयी सांगितलं, की सुई टोचली की काळा मणी, तेव्हा माझ्या हातातली सळई थांबली आणि मणी लोंबून टेबलावर पडला. जे या लोकांनी विचारपूर्वक सुरू केलं, ते माझ्या भावाने आठव्या वर्षी आपलं आपण केलं होतं. आणि त्याची माळ मी केरात टाकली होती.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. यजमानांनासुद्धा नाही.

आता त्या काळ्या मण्याविषयी.

यंदा फेब्रुवारीत मला एक चित्र आलं. कागदावर मेणखडूने काढलेला एक मोठा गोल, पूर्ण काळा, इतका दाबून रंगवलेला की कागद फाटायला आला होता. खाली नर्सच्या अक्षरात लिहिलं होतं: मुलगा, वय ११. काळा हवा. मोठा हवा. त्यावर काहीही नको.

मी दोन दिवस तो कागद फ्रीजवर लावून ठेवला. सुई टोचल्याचे छोटे काळे मणी त्याच्याकडे शेकड्याने असणार. मग आणखी एक मोठा काळा कशाला? आणि आजारी मुलाला काळं कसं द्यायचं? माझ्या हाताला ते जमेना. आपल्याकडे काळ्याला अशुभ म्हणतात. गंमत अशी की तान्ह्या बाळाच्या मनगटात आपण बांधतो ते काळेच मणी, आणि मंगळसूत्रातही काळेच. पण त्या वेळी मला हे काही आठवलं नाही.

मी काळा मणी केला आणि त्यावर पांढऱ्या काचेच्या बारीक धाग्याने तारे काढले. एका बाजूला छोटी पिवळी चंद्रकोर. रात्रीचं आकाश. मला तो फार आवडला. खरं सांगते, मी त्याचा फोटो काढून चार जणींना पाठवला. सगळ्या म्हणाल्या, किती सुंदर, मुलगा खूश होईल.

तीन आठवड्यांनी मणी परत आला. सोबत मुलाच्याच अक्षरातली चिठ्ठी. मणी छान आहे, पण हा माझा नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या. समन्वय करणाऱ्या बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं की त्याला एका विशिष्ट दिवसाचा मणी हवा आहे. कोणता दिवस, त्या दिवशी काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची रीत नाही.

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू? इतक्या मेहनतीने केलेलं परत? मग त्या रागाची लाज वाटली. मी त्या मुलाच्या सर्वांत वाईट दिवसावर तारे काढले होते. त्याने स्पष्ट लिहिलं होतं, काहीही नको. आणि मी वाचूनही ऐकलं नव्हतं. 'तू बरा होशील' म्हणणाऱ्यांत मी पुन्हा एकदा जाऊन उभी राहिले होते.

आपण सामायिकात बसतो तेव्हा बारा भावनांचं चिंतन करतो. त्यातली एकत्व भावना मला लहानपणापासून कठोर वाटायची. जीव एकटा जन्मतो, एकटा मरतो, आपल्या कर्माचं फळ एकटा भोगतो. आई असो, बाप असो, कुणी त्यातला कणभर वाटून घेऊ शकत नाही. भावाच्या वेळी आई रात्र रात्र उशाशी बसायची. तिने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं असतं. तसं घेता येत नाही.

मग आपण करायचं काय? आपण त्याला खोटा धीर देतो. कारण खरं बोललो तर आपल्यालाच ते सोसवत नाही. धीर त्याच्यासाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त असतो.

आजी जपमाळ शिकवताना मला १०८ मण्यांचा हिशेब सांगायची. तत्त्वार्थसूत्रात तो आहे. पापाचा विचार करणं, त्याची तयारी करणं आणि ते सुरू करणं, असे ३ प्रकार. ते मनाने, वाणीने आणि कायेने, म्हणजे ९. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं, म्हणजे २७. आणि प्रत्येकाच्या मुळाशी क्रोध, मान, माया, लोभ यांतला एखादा कषाय, म्हणजे १०८. एकेक मणी ओढायचा तो एकेक द्वार बंद करण्यासाठी. आजी म्हणायची, मोजल्याशिवाय कळत नाही गं आपलं किती चुकतं.

तारे काढताना त्यातलं कोणतं द्वार उघडं होतं, ते मला मण्याच्या फोटोवरून कळलं. चार जणींना पाठवला होता ना. मान.

मार्चमध्ये मी पुन्हा बसले. तुम्हाला सांगते, साधा काळा मणी सर्वांत अवघड. नक्षीचा मणी असला की एखादा बुडबुडा ठिपक्याखाली झाकता येतो. काळ्यावर सगळं दिसतं. धुळीचा कण दिसतो, ज्योतीची राख दिसते, गोलाई जराशी चुकली तरी उजेडाची रेघ वाकडी पडते. मी कांडी आधी धुऊन पुसली. पहिला डागाळला. दुसरा लंबुळका झाला. तिसऱ्यात बुडबुडा. चौथा भट्टीत ठेवताना सळई टेकली. पाचवा जमला. लिंबाएवढा नाही, पण मोठ्या बोराएवढा, जड, गोल, आणि त्यावर काहीही नाही.

करताना एक गोष्ट पाहिली. काळी काच मुळात काळी नसते. ती अतिशय गडद जांभळी असते. ओढून दोऱ्यासारखी बारीक केली आणि उजेडात धरली की दिसते. मणी जाड असतो म्हणून काळा वाटतो. हे चिठ्ठीत लिहावं असं मला फार वाटलं. लिहिलं नाही. त्याने काळा मागितला होता.

एप्रिलमध्ये नर्सचा निरोप आला. मुलाने मणी हातात घेऊन तोलून पाहिला, म्हणाला, "हो, हाच," आणि माळेत ओवला. एवढंच. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. तारे काढलेला मणी मी माझ्या जपमाळेच्या पिशवीत ठेवला आहे. माळ काढताना तो हाताला लागतो.

आता शेवटचं सांगते. यंदा दशलक्षण संपलं आणि क्षमावाणीच्या दिवशी मी आईला फोन केला. ती ८४ वर्षांची आहे, जयसिंगपूरलाच असते. आमची सकाळ होती, तिची संध्याकाळ. तिचं दिवसा उजेडी जेवण झालेलं होतं. दर वर्षीप्रमाणे मी म्हटलं, "आई, उत्तम क्षमा. कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर." तीही दर वर्षीप्रमाणे म्हणाली, "मीही क्षमा मागते बाळ."

मग मी म्हटलं, "एक कळत चुकलेलं आहे." आणि बुचांचं सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"मला माहीत हाय ते," ती म्हणाली. "खोली झाडून घे म्हणून मीच सांगितलं होतं की तुला."

मी काहीच बोलू शकले नाही.

"किती होती?" तिने विचारलं.

"एकसष्ट."

"बासष्ट," आई म्हणाली. "शेवटचं माझ्या पदराच्या गाठीत होतं. त्याला डब्यात टाकायला द्यायचं राहिलं."

एकेचाळीस वर्षांत आम्ही दोघी पहिल्यांदा त्या डब्याविषयी बोलत होतो. दोघींनाही आकडा पाठ होता. मी विचारणार होते की ते बूच अजून आहे का. पण तीच म्हणाली, "तिकडं सकाळ असंल न्हवं? न्याहारी केलीस का? कशाला रडतीस आता. आधी खाऊन घे काहीतरी."

तर त्या नवीन वहिनींना माझं उत्तर असं आहे. उपयोग काय, तर दुखणं त्याने रतीभरही कमी होत नाही. पण मूल एवढं सोसतं ते कुणीतरी नीट मोजलं पाहिजे, आणि मोजताना त्यात आपल्या सोयीने काही कमी-जास्त करता कामा नये. आपल्या शास्त्रात आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान सांगितलं आहे. औषध डॉक्टर देतात. मुलाच्या मनातली एक भीती मात्र आपण घालवू शकतो. आपल्याला जे होतंय ते कुणालाच दिसत नाही, ही.

तुमच्यातल्या कुणाला मणी करायचे नसतील, आग नको वाटत असेल तर अगदी बरोबर आहे. मुलांच्या माळा ठेवायला कापडी पिशव्या लागतात. दोरी ओढून बंद होणाऱ्या, आतून अस्तर लावलेल्या. जुन्या पण कोऱ्या राहिलेल्या सुती कापडाच्या चालतात, धुऊन घेतलेल्या. आमच्या मंडळात चार जणींनी सुरुवात केली आहे. तुमच्या गावात असा उपक्रम नसेल तरी ओळखीतल्या एखाद्या आजारी मुलासाठी एक दोरा आणि साधे मणी नेऊन द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. आधी त्याच्या आईला विचारा आणि तिने डॉक्टरांना विचारावं, एवढंच.

आणि भेटायला जाल तेव्हा माझ्या अनुभवातून चार गोष्टी. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. फुलं, प्रसाद, घरचं खाणं विचारल्याशिवाय नेऊ नका. आईला बाजूला घेऊन रडू नका, तिला नंतर मुलासमोर जाऊन बसायचं असतं. आणि मूल काही सांगत असेल, आकडे सांगत असेल, तर 'बरं' म्हणून सोडून देऊ नका. विचारा, कशाचे?

कार्तिक पौर्णिमा झाली की माझा बर्नर पुन्हा पेटेल. फ्रीजवर सध्या दोन चित्रं लागली आहेत. एका पाच वर्षांच्या मुलीने हिरवा घोडा काढला आहे. त्याला सहा पाय आहेत. मी तिनदा मोजले. सहाच करणार आहे.

जय जिनेंद्र.